उत्पत्ती आणि उत्क्रांती : प्रस्तावना

नागपूर वाढत गेले आणि टाकळी शहरात विरून गेली. १८५०च्या सुमारास मात्र ती शहराबाहेरची वस्ती होती. सीताबर्डीकडून पायी फिरायला निघालेल्या दोन स्कॉटिश मिशनऱ्यांना तिथे काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये दबलेला मऊ खडकाचा एक पातळ थर दिसला. त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख होते आणि हाडांचे तुकडेही होते. हे दोघे म्हणजे स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर. शाळा चालवायची, उपदेश करायचा आणि सवड मिळाली की हातोडी घेऊन दगड फोडायला निघायचे, असा त्यांचा क्रम होता. १८५५ मध्ये नागपूर परिसराच्या भूस्तरांवरचा आणि जीवाश्मांवरचा त्यांचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. चंद्रपूरकडच्या मांगलीच्या दगडात हिस्लॉपला एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी मिळाली होती. रिचर्ड ओवेन या नामांकित शरीरशास्त्रज्ञाने त्या प्राण्याला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असे नाव दिले. आजच्या हिशेबाने तो प्राणी सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा.

टाकळीचा तो थर काय सांगतो, हे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. खालचा काळा कातळ म्हणजे जमिनीच्या भेगांतून वर येऊन पसरलेला लाव्हा. तो निवला. त्याच्या खोलगट भागांत पाणी साठून तळी झाली, तळ्यांत गोगलगायी वाढल्या, काठाला झाडेझुडपे आली, तळाशी गाळ साचत गेला. मग पुन्हा लाव्हा आला आणि सगळे झाकून गेला. हे पुन्हा पुन्हा घडले. मुंबईत वरळीच्या टेकडीत अशाच मधल्या गाळात लहान बेडकांचे सांगाडे सापडले आणि त्यांचेही वर्णन ओवेननेच १८४७ मध्ये केले. घाटातून जाताना रस्त्यासाठी कापलेल्या डोंगराच्या अंगावर काळ्या थरांमधून विटकरी रंगाचे आडवे पट्टे गेलेले दिसतात. लाव्ह्याचा माथा ऊनपावसात झिजून, कुजून त्याची माती झाली आणि तिच्यावर पुढचा लाव्हा पसरला, याची ती खूण असते. दख्खनचा हा कातळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा आहे. एका वर्षात चढलेल्या आणि ओसरलेल्या नोहाच्या जगबुडीत हे सारे कोंबून बसवता येत नाही. लाव्हा निवायचा, त्याची माती व्हायची, तळ्यात गोगलगायींच्या पिढ्यांमागून पिढ्या जन्मायच्या आणि मरायच्या, आणि हे सगळे थरावर थर. मराठी माणूस ज्या जमिनीवर उभा आहे तीच याची साक्षीदार आहे.

हिस्लॉपची आठवण मी पहिल्याच पानावर काढते आहे, कारण या माणसाला या साक्षीचे भय वाटले नाही. पवित्र शास्त्र हे देवाचे वचन आहे, यावर त्याचा पूर्ण विश्वास होता. घरदार सोडून तो त्यासाठीच इतक्या दूर आला होता. आणि तोच माणूस भूशास्त्रीय कालखंडांच्या भाषेत शास्त्रीय निबंध लिहीत होता. तो ज्या फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचा होता, त्या चर्चचे पहिले अध्यक्ष थॉमस चाल्मर्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच सांगून ठेवले होते की, उत्पत्तीच्या पहिल्या वचनानंतर कितीही मोठा काळ गेलेला असू शकतो आणि शास्त्र त्याचे मोजमाप देत नाही. त्याच चर्चच्या बाजूने ‘द विटनेस’ हे वृत्तपत्र चालवणारा ह्यू मिलर मूळचा पाथरवट. स्कॉटलंडच्या तांबड्या वालुकाश्मातले मासे त्याने लोकांपुढे मांडले, सृष्टीचे ‘दिवस’ म्हणजे प्रदीर्घ युगे असे म्हटले आणि नोहाचा जलप्रलय जगाच्या एका भागापुरता होता असे मत दिले. मिलर उत्क्रांती मानत नव्हता; उलट तिच्याविरुद्ध त्याने कळकळीने लिहिले. पण पृथ्वीचे वय हा त्याच्या श्रद्धेला धक्का नव्हता. हिस्लॉपचा मृत्यूही त्याच्या दोन्ही कामांना साजेसा झाला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी नागपूरजवळ टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून घोड्यावरून परतताना पुराच्या पाण्यात तो बुडाला. नागपुरात त्याच्या नावाचे महाविद्यालय आजही आहे.

एवढा वारसा घरात असताना आमच्या मंडळ्यांमध्ये आज काय ऐकू येते? पृथ्वी सहा ते दहा हजार वर्षांची आहे, जीवाश्म हे जलप्रलयाचे अवशेष आहेत, डार्विन हा देवाचा वैरी होता आणि उत्क्रांती मानणारा ख्रिस्ती असूच शकत नाही. मी जीवशास्त्र शिकवत आले. वर्गात उत्क्रांतीचे प्रकरण निघाले की तास संपल्यावर ख्रिस्ती घरातले एखादे मूल हमखास घोटाळते. प्रश्न ठरलेला असतो: पेपरात लिहायचे ते खरे की रविवारी ऐकतो ते खरे? यात काही जण पेपरात एक लिहून मनात दुसरे ठेवायला शिकतात. काही जण पुढे शिकायला गेले की एक दिवस पुरावा स्वतःच्या डोळ्यांनी पाहतात, आणि आपल्याला लहानपणी खोटे सांगितले गेले या रागात पृथ्वीच्या वयाबरोबर येशूलाही सोडून देतात. ही दुसरी गोष्ट मला फार लागते. ज्याची गरज नव्हती अशा निवडीपायी ही मुले गेली. या पुस्तकाचे कारण तेवढेच आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचकाला शोधत बसावे लागणार नाही. उत्पत्तीचे पुस्तक आणि उत्क्रांती यांचे हाडवैर हे ख्रिस्ती धर्माचे सनातन मत नव्हे. आज आपल्यापर्यंत जे आले आहे ते मुख्यतः विसाव्या शतकातल्या अमेरिकेत घडलेले आहे. त्या भांडणाच्या धुरळ्यात जे प्रश्न खरोखर अवघड आहेत ते मागे पडले, आणि जे अवघड नव्हते त्यांच्यावर श्रद्धेची कसोटी लावली गेली.

सहा दिवसांचाच प्रश्न घ्या. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात प्रकाश पहिल्या दिवशी आहे आणि सूर्य चौथ्या दिवशी. सूर्य नसताना संध्याकाळ आणि सकाळ कशी झाली, हा प्रश्न विचारायला कुणाला डार्विनची वाट पाहावी लागली नाही. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ओरिजेनने तो विचारला आणि हा मजकूर शब्दशः वाचायचा नाही, असे स्वच्छ म्हटले. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने पाचव्या शतकाच्या आरंभी उत्पत्तीवर मोठा भाष्यग्रंथ लिहिला. त्यात त्याने मत मांडले की देवाने सर्व काही एका क्षणी निर्माण केले आणि पुढे यथाकाल उमलणारी बीजे सृष्टीत घालून ठेवली. सहा दिवस हे आपल्याला समजावे म्हणून. ऑगस्टीनला उत्क्रांतीवादी ठरवण्याचा मोह काही लेखकांना होतो, तो मला पटत नाही. त्याच्या मनात जीवजातींचे रूपांतर नव्हते. पण त्याच ग्रंथात त्याने दिलेला एक इशारा आजही अंगावर येतो. आकाश, पृथ्वी, प्राणी, ताऱ्यांच्या गती यांविषयी ख्रिस्ती नसलेल्या लोकांनाही अनुभवाने आणि तर्काने बरेच कळते. त्यांच्यापुढे ख्रिस्ती माणूस शास्त्राचा हवाला देऊन या विषयांवर अज्ञान पाजळू लागला, तर पुनरुत्थानाविषयीचे त्याचे बोलणे ते का ऐकतील, असा त्याचा रोख आहे. पंधराशे वर्षांहून जुना हा सवाल प्रत्येक संडे स्कूलच्या भिंतीवर लिहून ठेवावा असे मला वाटते.

खुद्द मजकूरही आपल्याला वाट दाखवतो. पहिल्या तीन दिवसांत जागा तयार होतात आणि पुढच्या तीन दिवसांत त्या भरतात. प्रकाश आणि अंधार वेगळे होतात, चौथ्या दिवशी तिथे ज्योती येतात. आकाश आणि पाणी वेगळे होतात, पाचव्या दिवशी तिथे पाखरे आणि मासे येतात. कोरडी जमीन दिसते, सहाव्या दिवशी तिच्यावर जनावरे आणि माणूस. ही रचना घटनांच्या रोजनिशीची नाही, स्तवनाची आहे. शेजारच्या बाबेलमध्ये सूर्य आणि चंद्र हे देव होते. उत्पत्तीचा लेखक त्यांची नावेसुद्धा घेत नाही. एक मोठी ज्योती आणि एक लहान, एवढेच म्हणतो. त्याच बाबेलच्या हद्दपारीत गांजलेल्या इस्राएली लोकांना यातून केवढा धीर मिळाला असेल! दुसऱ्या अध्यायात तर क्रमच बदलतो: आधी माणूस, मग झाडे, मग पशू, मग स्त्री. ज्यांनी हे दोन अध्याय शेजारी शेजारी ठेवले त्यांना हा फरक दिसत नव्हता असे समजणे हा त्यांचा अपमान आहे. त्यांना घटनाक्रमापेक्षा वेगळे काही सांगायचे होते.

मराठीत ही कथा फार पूर्वी आली. फादर थॉमस स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात १६१६ मध्ये छापले गेले आणि त्याचे पहिले पुराण सृष्टीच्या उत्पत्तीपासूनच सुरू होते, ओवीत. पृथ्वी किती वर्षांची याचा हिशेब मांडावा म्हणून कुणी ओवी लिहीत नाही. आर्चबिशप जेम्स अशरने १६५० मध्ये वंशावळ्यांची बेरीज करून सृष्टीचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये आणला, आणि तो आकडा पुढे इंग्रजी बायबलांच्या समासात छापला जाऊ लागला. अशर विद्वान होता आणि त्या काळाला धरून त्याने प्रामाणिकपणे काम केले. पण समासातला आकडा म्हणजे वचन नव्हे.

आता डार्विन. हा माणूस आमच्या व्यासपीठांवरून जितका काळा रंगवला जातो तितका त्याच्या स्वतःच्या गावच्या पाळकालाही वाटला नव्हता. डाउनचे पाळक जॉन ब्रोडी इनेस हे त्याचे आयुष्यभराचे स्नेही. डार्विन केंब्रिजला गेला तो पाळक होण्याच्या तयारीसाठी. २४ नोव्हेंबर १८५९ रोजी त्याचे ‘जीवजातींचा उगम’ बाहेर पडले. त्याआधीच आगाऊ प्रत वाचून चार्ल्स किंग्स्ली या अँग्लिकन पाळकाने त्याला पत्र लिहिले होते. स्वतःला पुढे घडवत जाण्याची शक्ती ज्यांच्यात आहे अशी रूपे निर्माण करणारा देव कमी थोर नाही, असा त्याचा भाव होता. डार्विनने ते म्हणणे दुसऱ्या आवृत्तीत घातले. अमेरिकेत त्याची बाजू मांडणारा पहिला मोठा वैज्ञानिक म्हणजे हार्वर्डचा वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे, आणि ग्रे हा नियमाने चर्चला जाणारा श्रद्धावान माणूस. नैसर्गिक निवड आणि ईश्वरावरील विश्वास यांत विरोध नाही हे दाखवणारे त्याचे लेख डार्विनने पदरचे पैसे घालून इंग्लंडात पुस्तिकेच्या रूपात काढवले. जून १८६० मधला ऑक्सफर्डचा तो गाजलेला वाद, बिशप विल्बरफोर्स विरुद्ध हक्सली, सगळ्यांना ठाऊक असतो. त्याच दिवसांत ऑक्सफर्डमध्ये फ्रेडरिक टेम्पल या पाळकाने विज्ञानाच्या बाजूने उपदेश केला, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. पुढे टेम्पलने उत्क्रांती उघडपणे स्वीकारली आणि १८९६ मध्ये तो कँटरबरीचा आर्चबिशप झाला. १८८२ मध्ये डार्विन गेला तेव्हा त्याला वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरले.

विरोध नव्हता असे मी म्हणत नाही. डार्विनचे भूशास्त्राचे गुरू आणि पाळक ॲडम सेजविक पुस्तक वाचून मनापासून दुखावले. प्रिन्स्टनच्या चार्ल्स हॉज यांनी १८७४ मध्ये डार्विनवाद म्हणजे नास्तिकता असा निकाल दिला. पण त्याच प्रिन्स्टनमध्ये पुढे बी. बी. वॉरफील्ड आले. शास्त्र मूळ रूपात निर्दोष आहे या मताचा इतका कडवा आणि इतका विद्वान कैवारी दुसरा झाला नाही. उत्क्रांती ही देवाच्या कामाची रीत असू शकते, हे मान्य करायला या वॉरफील्डना अडचण पडली नाही. त्यांचे वडील शॉर्टहॉर्न जातीची गुरे पैदा करण्यातले जाणकार होते. निवडीने जनावर कसे बदलते हे त्यांनी गोठ्यात पाहिले होते.

मग हे वैर आले कुठून? इथे विल्यम जेनिंग्ज ब्रायनची गोष्ट नीट समजून घ्यावी लागते, आणि ती चेष्टेवारी नेणाऱ्यांबद्दल मला राग आहे. १९२५च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, डेटन या छोट्या गावी, जॉन स्कोप्स या तरुण शिक्षकावर माणसाची उत्क्रांती शिकवल्याबद्दल खटला चालला. सरकार पक्षाकडून ब्रायन उभा होता. तीनदा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवलेला, शेतकऱ्यांचा आणि गरिबांचा नेता. पहिल्या महायुद्धाने तो हादरला होता. बळी तो कान पिळी हा निसर्गाचा कायदा आहे असे म्हणत युद्धाचे समर्थन करणारे लोक त्याने पाहिले होते. आणि स्कोप्सच्या शाळेतले जे पाठ्यपुस्तक त्या खटल्यात होते त्यात काय होते? मानववंशांची उतरंड लावून गोऱ्यांना सर्वांत वर बसवलेले होते, आणि दुर्बल कुटुंबांची वाढ रोखावी असा सल्लाही होता. ब्रायनची भीती खरी होती. त्याने वार मात्र चुकीच्या जागी केला. माणसाला माणूस म्हणून न जोखणाऱ्या त्या विचाराशी लढण्याऐवजी तो खडकांशी आणि हाडांशी लढला. तरीही पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे असा आग्रह त्यानेसुद्धा धरला नाही. सृष्टीचे दिवस चोवीस तासांचे नसतील, हे त्याने साक्षीत कबूल केले. स्कोप्सला १०० डॉलर दंड झाला, तो पुढे तांत्रिक कारणाने रद्द झाला, आणि खटला संपल्यावर पाचच दिवसांनी ब्रायन वारला.

तरुण पृथ्वीचे मत तोवर कट्टर ख्रिस्ती लोकांतही अल्पमतात होते. ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या जॉर्ज मॅक्रेडी प्राइसने १९२३ मध्ये जलप्रलयावर आधारलेले ‘नवे भूशास्त्र’ लिहिले, पण ते त्याच्या पंथाबाहेर फारसे मुरले नाही. ते मुरले १९६१ नंतर. जॉन व्हिटकोम हे जुन्या कराराचे अध्यापक आणि हेन्री मॉरिस हे जलअभियंते. या दोघांनी मिळून ‘द जेनेसिस फ्लड’ लिहिले आणि तिथून पुढे संस्था, व्याख्याने, संग्रहालये उभी राहिली. म्हणजे जे मत आज अनेक मराठी मंडळ्यांत आजोबा-पणजोबांचे म्हणून सांगितले जाते, ते आजच्या रूपात १९६१ नंतरचे आहे, आणि हिस्लॉपच्या कामापेक्षा शंभरेक वर्षांनी तरुण आहे. आणखी एक गोष्ट लक्षात असू द्यावी. आर्कान्सा राज्याने शाळांत ‘सृष्टिविज्ञान’ शिकवण्याचा कायदा केला तेव्हा त्याविरुद्ध न्यायालयात गेलेल्यांत मेथडिस्ट, कॅथलिक, एपिस्कोपल, प्रेस्बिटेरियन धर्मगुरू होते, आणि खटल्याला ज्यांचे नाव पडले ते मॅक्लीनसुद्धा मेथडिस्ट पाळक होते. ५ जानेवारी १९८२ रोजी तो कायदा रद्द झाला.

कॅथलिक चर्चची वाट वेगळी आणि संथ. पोप पायस बारावे यांनी १९५० मध्ये मानवी शरीराच्या उत्क्रांतीवर अभ्यास व्हायला हरकत नाही असे म्हटले. जॉन पॉल दुसरे १९९६ मध्ये त्याही पुढे गेले आणि उत्क्रांती ही आता निव्वळ कल्पना राहिलेली नाही असे त्यांनी सांगितले. आनुवंशिकतेचे नियम मटारच्या वेलींवर शोधणारा मेंडेल हा मठवासी साधू होता, हे तर शाळेतच शिकवतात. मात्र त्याच्या कामावाचून डार्विनचा विचार लंगडा राहिला असता, हे कुणी सांगत नाही.

पुराव्यांची प्रकरणे पुस्तकात सविस्तर आहेत, म्हणून इथे एकच देते. गाय, कुत्रा, उंदीर यांच्या यकृतात क जीवनसत्त्व आपोआप तयार होते. आपल्याला ते पेरू, लिंबू, आवळ्यातून घ्यावे लागते. ते बनवायचे शेवटचे पाऊल ज्या जनुकावर अवलंबून आहे, तो जनुक आपल्या पेशीतही आहे, पण मोडलेला. चिंपांझी, गोरिला आणि इतर माकडांतही तो मोडलेलाच आहे, आणि आपल्या नि त्यांच्या मोडतोडीत पुष्कळ खुणा सारख्या आहेत. गिनीपिगमध्येही हा जनुक बंद पडला आहे, मात्र तो वेगळ्या रीतीने. सारख्या गरजेसाठी देवाने सारखी रचना केली, असे चालत्या अवयवाबद्दल म्हणता येते. न चालणाऱ्या जनुकातल्या सारख्या मोडतोडीबद्दल तसे म्हणायचे तर देवाने आपल्याला फसवण्यासाठी खोटा पुरावा पेरला असे म्हणावे लागेल. माझा देव असत्य बोलत नाही, म्हणून मी त्या पुराव्यावर विश्वास ठेवते.

आता खरोखर अवघड ते. पहिला प्रश्न आदामाचा. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल एका माणसामुळे पाप आणि मरण आले व एका माणसामुळे कृपा आली अशी जोडी लावतो. तारणाचे सारे शिक्षण त्या जोडीवर उभे आहे. इकडे जनुकशास्त्र म्हणते की माणसांतले आजचे वैविध्य पाहता आपल्या पूर्वजांची संख्या गेल्या काही लाख वर्षांत काही हजारांच्या खाली गेलेली दिसत नाही. मग आदाम कोण? अनेकांतून देवाने ज्यांना हाक मारली ते पहिले जोडपे, असे काही म्हणतात. आदाम म्हणजे तुम्हीआम्ही प्रत्येकजण, असे काही म्हणतात. मी पहिल्या मताकडे झुकते, कारण पापाला इतिहासात कुठेतरी सुरुवात असली पाहिजे असे मला वाटते. पण दुसऱ्या मताच्या बंधूभगिनींचा विश्वास माझ्याहून कमी आहे असे मी म्हणणार नाही.

दुसरा प्रश्न दुःखाचा, आणि तो डार्विनलाच फार जाळत होता. १८५१ मध्ये त्याची दहा वर्षांची लाडकी मुलगी ॲनी वारली. १८६० मध्ये ग्रेला लिहिलेल्या पत्रात त्याने एका जातीच्या गांधीलमाशीचा दाखला दिला आहे. ती जिवंत अळीच्या अंगात अंडी घालते आणि पिल्ले तिला आतून खात वाढतात. दयाळू देवाने हे मुद्दाम घडवले असेल हे त्याच्या मनाला पटेना. कोट्यवधी वर्षांची भूक, रोग, निर्वंश झालेल्या जाती, हे सगळे मानले तर हा प्रश्न आणखी तीव्र होतो. पापापूर्वी मरण नव्हतेच असे म्हणून तो सोडवणाऱ्यांना मी शास्त्राकडेच बोट दाखवते. एकशे चौथ्या स्तोत्रात सिंहाचे छावे भक्ष्यासाठी देवाकडे गर्जना करतात आणि ते दृश्य देवाच्या स्तुतीचा भाग आहे. ईयोबाच्या पुस्तकात देव स्वतः गरुडाच्या रक्त पिणाऱ्या पिल्लांबद्दल बोलतो, त्यात लाज नाही की खेद नाही. शिकार करणारी सृष्टी देवाची नाही असे इस्राएलाने मानलेले दिसत नाही. तरीही याने ॲनीच्या बापाचे समाधान झाले नसते, आणि होऊही नये. ख्रिस्ती माणसाकडे या प्रश्नावर तर्काचे उत्तर अपुरे आहे. त्याच्याकडे वधस्तंभ आहे, म्हणजे दुःख लांबून न पाहता त्यात उतरलेला देव आहे. मला स्वतःला उभे राहायला तेवढी जागा पुरते.

दोन शब्द माझ्या विज्ञानाच्या सोबत्यांसाठी. उत्क्रांतीने देवाचा निकाल लावला, असे जे काही लोकप्रिय लेखक ठासून सांगतात, ते त्यांचे तत्त्वज्ञान आहे; प्रयोगशाळेतून आलेला निष्कर्ष नाही. आईच्या पोटात देवाने मला घडवले असे एकशे एकोणचाळिसाव्या स्तोत्राचा कर्ता म्हणतो, आणि गर्भाची वाढ पेशीपेशीने समजावून देणारे शास्त्र शिकवताना मला त्या स्तोत्राची अडचण कधी वाटली नाही. उलट बाजूने, विज्ञानाच्या ताज्या शोधावर देवाची सिद्धता टांगण्याची घाईही नको. विश्वाच्या आरंभाचा स्फोट मांडणारा जॉर्ज लमेत्र हा बेल्जियन कॅथलिक धर्मगुरू होता. १९५१ मध्ये पोपनी त्या सिद्धांताचा निर्मितीच्या समर्थनार्थ उपयोग केला तेव्हा नाखूश झालेल्यांत तो स्वतः होता.

हा प्रश्न केवळ ख्रिस्ती घरांपुरता राहिलेला नाही. २०१८च्या जानेवारीत औरंगाबादेत एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे असे जाहीरपणे सांगितले, कारण माकडाचा माणूस होताना कुणी पाहिले नाही. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गळला, त्यावर २०२३ मध्ये देशभरातल्या वैज्ञानिकांनी निषेधाचे पत्रक काढले. ‘कुणी पाहिले?’ हाच सवाल मला चर्चच्या अंगणातही ऐकू येतो. धर्म वेगळे असले तरी मुलांचे नुकसान सारखेच आहे.

पाळकांना आणि संडे स्कूलच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की, येशू आणि जीवाश्म यांतून एक निवड असे कोणत्याही मुलाला सांगू नका. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. मुले त्याचा मान ठेवतात. आणि वाचकहो, पुस्तकाला हात घालण्याआधी उत्पत्तीचे पहिले तीन अध्याय आणि एकशे चौथे स्तोत्र एका बैठकीत, मोठ्याने वाचून काढा. विज्ञानाची सवय नसेल तर जनुकांचे प्रकरण शेवटी वाचले तरी चालेल. आदामावरचे प्रकरण मात्र घाईने उलटू नका. तिथे माझे म्हणणे पटले नाही तर समासात तसे लिहा आणि ते पान घेऊन तुमच्या पाळकांकडे जा.